पायाच्या बोटांमधली चीर

रोवणी तोंडावर आली आणि यंदा तू पहिल्यांदाच बांधीत उतरणार, म्हणून हे लिहून पाठवते आहे. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत गेली. तिथे अपघाताच्या मोठ्या जखमांपेक्षा जास्त यायची ती सुजलेला पाय घेऊन आलेली माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "काही नव्हतं हो सिस्टर, जरासं खरचटलं होतं." त्या जराशा खरचटण्याबद्दलच तुझ्याशी बोलायचं आहे.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तळहात-तळपाय सोडले तर तो पंधरा-वीस पदरांचा, कागदाहूनही पातळ. त्या पदरांमध्ये चरबीचा लेप असतो आणि पृष्ठभाग किंचित आंबट असतो. एवढ्यावर आपलं सगळं चाललेलं असतं. धुऱ्याला खेकड्यानं भोक पाडलं की काय होतं ते तुझ्या मामंजींना विचार. कातडीलाही बारीकशी चीर पडली की आतला ओलावा निघून जातो आणि बाहेरचं आत शिरतं.

पण कातडी नुसती गप्प बसत नाही गं. ओरखडा पडताक्षणी तिथल्या पेशी धोक्याची सूचना सोडतात आणि स्वतःच जंतुनाशक द्रव्यं बनवायला लागतात. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, दोन-तीन दिवसांत साफसफाई करणाऱ्या मोठ्या पेशी येतात. जागा लाल होते, गरम लागते, थोडी सुजते. पहिले दोन दिवस एवढं झालं तर घाबरू नकोस. पायाला ठेच लागल्यावर जांघेत अवधाण येतं, तेही याच लढाईचं ठाणं. ते चोळायचं नाही, शेकत बसायचं नाही, पायाकडे बघायचं.

तू पहिलं काम करायचं ते धुण्याचं. पिण्याचं स्वच्छ पाणी धारेनं ओतायचं, माती निघेपर्यंत. डेटॉल घट्ट ओतू नकोस, हायड्रोजन पेरॉक्साइड तर नकोच. झोंबतं म्हणजे औषध लागू पडतंय असं आपल्याकडे मानतात, पण त्यात जंतूंबरोबर नव्यानं उगवणाऱ्या पेशीही मरतात. हळदीत गुण आहेत हे मी नाकारत नाही, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, उघड्या जखमेवर ती नको. तंबाखू, चुना, माती, शेण यांचं नावसुद्धा काढू नकोस. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू वर्षानुवर्षं तग धरून असतात. दर १० वर्षांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, आणि जखम मातकट असेल, शेवटचं इंजेक्शन होऊन ५ वर्षं उलटली असतील, तर त्याच वेळी जाऊन घ्यायचं.

जखम उघडी ठेवली की वाळते आणि लवकर बरी होते, हे आपल्या हाडीमासी रुजलेलं आहे. ते खरं नाही. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवलं की ओलसर झाकून ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं चढते. घरच्या लहान खरचटण्याला धुऊन, टिपून, साध्या व्हॅसलीनचा पातळ थर आणि वर स्वच्छ पट्टी, इतकं पुरतं. पट्टी रोज बदल. खपली धरली तर उचकटू नकोस.

आता जंतूंचं. सगळेच मारायचे नसतात. आपल्या अंगावर रोजचे राहणारे कितीतरी जंतू आहेत, त्यातला स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस बहुतेकांच्या कातडीवर असतो. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की जखमेनंतर कातडीला येणारा अतिरेकी दाह हा जंतू आवरतो. त्याचाच भाऊबंद स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र संधी शोधत असतो. साधारण दहातल्या तीन माणसांच्या नाकात तो मुक्कामाला असतो. नाकातलं बोट खरचटल्या जागी गेलं की केसतूड, नखुर्डं, पू. म्हणून नखं बारीक ठेव आणि हात धू, पण अंग दिवसातून तीनदा साबणानं घासू नकोस. आपला नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, तो कातडीचा आंबटपणा घालवतो आणि भल्या जंतूंचंच घर मोडतो.

पायांवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. दिवसभर चिखलात उभं राहिलं की बोटांमधली कातडी पांढरी पडून भिजते, फाटते, चिखल्या होतात. पुरळ नाही, रक्त नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण पाय एकाएकी लाल होऊन सुजण्याचा आजार बहुधा याच फटीतून शिरतो. आपल्या भंडारा-चंद्रपूरकडे हत्तीपायाचा रोग जुना आहे. ज्याच्या पायात तो बसलाय त्याला थंडी वाजून ताप येतो, पाय ठणकतो, आणि दर खेपेला पाय अजून जाड होतो. त्या खेपांचं दार पुष्कळदा बोटांमधली चीरच असते. दुसरं काही जमलं नाही तरी हे कर: बांधीत उतरण्याआधी बोटांमध्ये खोबरेल किंवा व्हॅसलीन लाव. घरी आल्यावर पाय धुऊन सुती फडक्यानं एकेक फट कोरडी कर. खाज आणि वास असेल तर बुरशीवरचं साधं क्लोट्रिमॅझोल मलम लाव. दुकानदार "सगळ्यावर चालतं" म्हणून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब हातात देईल, ती घेऊ नकोस. खाज दोन दिवसांत थांबते ती कातडीची लढाईच थंडावते म्हणून, आणि खाली बुरशी पसरत राहते.

आता बाळाच्या कातडीचं. मालिशवाल्या बाई मायेनं करतात, त्यांना दुखवू नकोस, पण बेसन घासून लव काढणं बंद कर. तान्ह्याची कातडी त्यानं सोलवटते. आणि खाण्याची वस्तू फाटक्या कातडीतून आत गेली तर शरीर तिला शत्रू समजायला शिकतं. २००३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पुरळावर तान्हेपणी शेंगदाणा तेल असलेली मलमं जास्त लावलेली आढळली होती. बेसनाचीही मला तीच धास्ती वाटते. अंगावर पुरळ किंवा इसब असलेल्या बाळाला तर नकोच नको.

सासूबाईंना साखर आहे. त्यांना पायाला चीर पडलेली कदाचित कळणारही नाही. रोज रात्री दिव्याखाली त्यांचे तळपाय तू स्वतः बघ. त्या संकोचतील, तरी बघ.

तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढत चालली, लाल रेघ वर चढली, पू आला किंवा ताप आला, तर घरी थांबायचं नाही. आणि बांधीतल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, त्यातला लेप्टो नावाच्या तापाचा जंतू बारीक चिरेतूनही रक्तात जातो. मुंबईत २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर त्यानं माणसं दगावली. रोवणीनंतर ताप, पिंढऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नकोस. आत गेल्या गेल्या आधी हेच सांग, की मी चिखलात काम करत होते आणि माझ्या पायाला चीर होती.