ऊर्ध्व वातावरणातील बाष्पाचे मापन

पावसाळ्यात कोकणच्या हवेतील दहा लाख रेणूंमध्ये पाण्याच्या वाफेचे सुमारे ३० हजार रेणू असतात. २० किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात, हे प्रमाण चार-पाच रेणूंवर येते. विषुववृत्तीय प्रदेशात वर चढणारी हवा उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतून जाते. तिच्यातील वाफेचे हिमकण होऊन खाली पडतात आणि कोरडी हवा पुढे सरकते. अ‍ॅलन ब्रूअर यांनी इंग्लंडच्या आकाशात विमानातून मापने घेऊन १९४९ साली अभिसरणाचा हा मार्ग अनुमानाने मांडला.

त्यांच्या उपकरणाचे तत्त्व आजही वापरात आहे. लहानसा आरसा थंड करीत जावयाचा आणि त्यावर धरलेला हिमाचा पातळ थर वाढू अथवा विरू न देता राखावयाचा. त्या वेळचे आरशाचे तापमान म्हणजे हवेचा हिमबिंदू. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु अशा थंडीत तापमान एका अंशाने चुकले, तर बाष्पाचा आकडा १५ टक्क्यांहून अधिक चुकतो.

याहून मोठी अडचण आपण जमिनीवरूनच सोबत नेतो. फुग्याच्या आवरणाला, दोरीला, उपकरणाच्या नळीला ओलावा चिकटलेला असतो. वाटेत ढग लागला तर नळीत हिमही साचते. वर गेल्यावर हा ओलावा हळूहळू सुटतो आणि उपकरण आपल्याच अंगचे पाणी इमानाने मोजत राहते! म्हणून उपकरण फुग्यापासून लांब दोरीवर टांगतात आणि खाली उतरतानाच्या नोंदी अधिक विश्वासार्ह मानतात, कारण त्या वेळी ते अस्पर्शित हवेत प्रथम शिरते.

इतका खटाटोप कशासाठी? सन २००० नंतर स्थितांबरातील बाष्प सुमारे १० टक्क्यांनी घटले. त्यामुळे पुढील दशकातील तापमानवाढीचा वेग सुमारे एक चतुर्थांशाने मंदावला असावा, असे सुसान सॉलोमन व सहकाऱ्यांनी २०१० साली मांडले. उड्डाणात मात्र दोन चांगल्या उपकरणांतील फरकच याहून मोठा निघत असे. अखेर २००७ साली जर्मनीतील कार्ल्सरूए येथे अनेक उपकरणे एकाच कक्षातील हवेवर तपासण्यात आली. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, हा कालामांना केलेला उपदेश येथे सहज आठवतो. अमेरिकेतील बोल्डर येथून १९८० पासून फुगे सोडले जात आहेत. त्या सलग नोंदींचे मोल यामुळेच मोठे.

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळील हुंगा ज्वालामुखीने स्थितांबरात सुमारे १५ कोटी टन पाणी फेकले. ते इतके होते, की एरवी त्या उंचीवर निरुपयोगी ठरणाऱ्या हवामान खात्यांच्या साध्या फुग्यांवरील संवेदकांनाही ते दिसले.