माशी की मधमाशी?

मुलांनो, इंग्लंडमध्ये मार्च महिन्यात थंडी कमी होते. बागेत फुले उमलतात. तेव्हा एक लहान, केसाळ कीटक फुलासमोर हवेत स्थिर राहून रस पिताना दिसतो. त्याची लांब, टोकदार सोंड पाहून मुले घाबरतात. "पळा, मधमाशी! डंख मारील!" असे ओरडतात. पण ती मधमाशी नाही, माशी आहे.

ती कशी ओळखावी? मधमाशीला चार पंख असतात, हिला दोनच. पंखांची पुढची कड गडद तपकिरी असते. सोंडेने ती फक्त फुलांतील रस पिते. ती चावत नाही.

शास्त्रज्ञ तिला 'बॉम्बिलियस मेजर' म्हणतात. हे नाव लिनियस यांनी १७५८ साली दिले. ही माशी युरोप, उत्तर अमेरिका आणि आशियाच्या काही भागांत आढळते.

काही मधमाश्या जमिनीत एकएकट्या घर करतात. मादी माशी उडता उडता त्यांच्या बिळांजवळ अंडी टाकते. तिच्या अळ्या मधमाश्यांच्या अळ्या खातात. म्हणून तिची भीती माणसाला नाही, मधमाश्यांच्या पिलांना आहे!

शब्दार्थ : कड – किनार, बीळ – जमिनीतील भोक.

स्वाध्याय :
१. मुले का घाबरतात?
२. माशी व मधमाशी यांत कोणता फरक आहे?