पोकळीत वीज शिरते कुठून?

प्रश्न : औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' वेधशाळा होणार, म्हणून आम्हा नांदेडकरांना फार उत्सुकता आहे. चार किलोमीटर लांब नळीतली सगळी हवा काढून टाकणार म्हणे. मग आतल्या उपकरणांना वीज कशी देणार? वायरीसाठी भोक पाडलं की हवा शिरणारच ना? लातूरला सबस्टेशनवर असलेले माझे मामा म्हणतात, तिथे चिनी माती वापरतात. खरं का?

उत्तर : मामांचं बरंचसं बरोबर आहे, पण ही लोणच्याच्या बरणीची चिनी माती नव्हे. हिच्यात माती नसतेच. अॅल्युमिनिअमच्या ऑक्साइडची, म्हणजे अॅल्युमिनाची, अतिबारीक पूड दाबून सुमारे १६०० अंश सेल्सिअसला भाजतात. मग तिच्यातून हवाही जात नाही आणि वीजही. शिवाय ती तापली तरी वायू सोडत नाही. रबर आणि प्लॅस्टिक नेमके इथेच नापास होतात. अमेरिकेतल्या लायगोच्या नळ्या १५० ते १७० अंशांवर महिनाभर तापवून पोलादात मुरलेला वायू बाहेर काढला होता. आतला दाब बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या हिश्शाइतका! हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, तिथेही निर्वाताची कसोटी अशीच कडक असणार.

भोक पाडावं लागतंच. अशा यंत्रणांत त्या भोकात सिरॅमिकची नळी बसवतात, नळीत धातूची कांडी, आणि कांडीतून वीज आत जाते. अवघड असतो तो जोड. तापल्यावर स्टेनलेस स्टील अॅल्युमिनाच्या दुपटीने पसरतं, सरळ जोडलं तर तडा ठरलेला. म्हणून मध्ये लोखंड, निकेल आणि कोबाल्टचा कोव्हार हा कमी पसरणारा मिश्रधातू घालतात. शिवाय वितळलेली चांदी-तांब्याची झाळ नुसत्या सिरॅमिकला धरत नाही. मग आधी मॉलिब्डेनम आणि मँगनीजच्या पुडीचा लेप लावून ओलसर हायड्रोजनमध्ये तो भाजायचा, वर निकेलचा मुलामा द्यायचा, आणि शेवटी ७८० अंशांवर झाळ पाघळवायची. इतक्या कष्टाने साधलेला तो जोड मला सिरॅमिकपेक्षाही थोर वाटतो.

मामांच्या रोजच्या 'व्हीसीबी'तली, म्हणजे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरमधली, निर्वात बाटली याच घराण्यातली. ११ केव्हीच्या ब्रेकरमध्ये तिच्यातले दोन संपर्क जेमतेम सेंटिमीटरभर दूर होतात आणि त्यांच्यामध्ये ठिणगी पेटते. आपला विद्युत्प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो. त्या क्षणी ठिणगीतली धातूची वाफ निवते आणि पोकळीत ठिणगी पुन्हा पेटत नाही. या बाटलीला पंप नसतो. कारखान्यात एकदा बंद केली की वर्षानुवर्षं तोच निर्वात टिकायला हवा. जोड गळला तर ब्रेकर प्रवाह तोडू शकत नाही.

अॅल्युमिनाचा दोष म्हणजे ठिसूळपणा. त्यावर संमिश्राचा उपाय आहे : त्यात झिर्कोनियाचे कण मिसळतात. तडा जवळ आला की त्या कणांची स्फटिकरचना बदलते, ते किंचित फुगतात आणि तड्याची वाट दाबून धरतात. विलक्षण कल्पना आहे ही! पण झिर्कोनिया खूप तापला की त्यातले ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि तो वीज वाहून नेतो. म्हणून जिथे उष्णता आणि विद्युतदाब दोन्ही जास्त, तिथे अजूनही शुद्ध अॅल्युमिनालाच पसंती मिळते.