गूळ पुरायचा नाही

चि. भाचीस,

भरतीच्या 800 मीटरची वेळ सुधारायची सोडून वाढतेय, पाय जड होतात, म्हणून तू सराव दुप्पट करणार म्हणतेस. त्याआधी रक्त तपासून घे. पाळी येणाऱ्या मुलीचं लोह दर महिन्याला जातंच. धावणारीचं त्याशिवाय घामातून, आतड्यातल्या न दिसणाऱ्या रक्तस्रावातून आणि खामगाव रस्त्याच्या डांबरावर पाऊल आपटून फुटणाऱ्या तांबड्या पेशींतूनही थोडं थोडं जातं. त्यात दमवणाऱ्या धावेनंतर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. 3 ते 6 तासांनी ते सर्वाधिक असतं, आणि त्या वेळी खाल्लेलं लोह आतड्यातून रक्तात शिरताना अडतं. अशा वेळी सराव दुप्पट केलास, तर तूटही वाढेल.

हिमोग्लोबिन 12 च्या वर आहे, मग काळजी कशाला, असं तू विचारशील. शरीर आधी साठवलेलं लोह वापरून टाकतं. हिमोग्लोबिन घसरतं ते अगदी शेवटी. साठा कळतो फेरिटिनच्या तपासणीतून. ती चिखलीच्या किंवा बुलढाण्याच्या लॅबमध्ये करून घे, पण अंगात ताप असताना नको. तेव्हा आकडा फसवा, चढा येतो. 15 च्या खाली साठा संपल्यातच जमा, आणि खेळाडूंच्या बाबतीत डॉक्टर 30 च्या आसपासच सावध होतात.

आई रोज गूळ-शेंगदाणे देते, पालक करते, हे खरं. पण भारतीय बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं, असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, आणि गुळाच्या खड्यातून जेमतेम एखादा मिलिग्रॅम मिळतो. पालकाचा लौकिक त्याच्यातल्या लोहापेक्षा मोठा आहे. आपलं खरं लोह भाकरीत आणि डाळीत आहे, बाजरीत ज्वारीपेक्षा जास्त. नगर जिल्ह्यात शाळकरी मुलांना जादा लोहाच्या बाजरीची भाकरी सहा महिने देऊन पाहिली, तेव्हा त्यांचा साठा वाढला. तो अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. अडचण एवढीच, की धान्यातलं लोह फार थोडं अंगी लागतं, आणि जेवणावर चहा घेतला तर त्याहूनही कमी. म्हणून ताटातल्या लोहापेक्षा अंगी लागणारं लोह वाढवायचं. शिजलेल्या डाळीवर वरून कच्चं लिंबू पिळ, जेवणानंतर पेरू किंवा आवळा खा, आणि चहा तास-दीड तास लांब ठेव. मैदानावरून आल्या आल्या चहा-टोस्ट ही तुमची सगळ्यांची खोड. त्याऐवजी तेव्हाच भाकरी-उसळ खा, हेप्सिडिन चढायच्या आत. घरात चालत असेल तर कलेजीला तोड नाही.

मग सरळ गोळ्याच का नकोत? फेरिटिन कमी निघालं तर घ्याव्याच लागतील, नुसत्या जेवणाने रिता साठा लवकर भरत नाही. पण तपासणीशिवाय नकोत. जादा लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही. शाळेत आठवड्याला मिळायची ती निळी गोळी तूट होऊ नये म्हणून होती, झालेली तूट भरायला डोस वेगळा लागतो. मळमळ, बद्धकोष्ठ होतं म्हणून मैत्रिणी गोळ्या सोडतात. तसं झालं तर डॉक्टरांना एकाआड एक दिवस चालेल का विचार. त्याने पोटाला आराम पडतो आणि दर गोळीतलं लोहही जास्त शोषलं जातं. गोळ्यांनी शी काळी झाली तर घाबरू नकोस.

रिपोर्ट आला की फोटो पाठव. तोवर हळू धाव, घड्याळ लावू नकोस.

तुझी मावशी