चित्रकलेचा तास आणि पोटापाण्याचा प्रश्न



दहावीचा निकाल लागला की शाळेच्या ऑफिसबाहेर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "सर, याचा हात चांगला आहे हो, दिवसभर चित्रं काढतो. पण त्याला स्कोप आहे का?" प्रश्न विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. घर चालवणाऱ्या माणसाला मुलाच्या पोटापाण्याची काळजी असणारच. चूक बहुतेक वेळा आपल्या उत्तरात असते. आपण एक तर "आधी सायन्स घेऊ दे, चित्रं काय रविवारी काढता येतात" असं सांगून विषय संपवतो, नाही तर "आवड असेल तर सगळं होतं" असं गोड बोलून मोकळे होतो. दोन्ही उत्तरांत माहिती शून्य.

म्हणून आजच्या लेखात एक साधी गोष्ट करू. आपल्याकडचे चित्रकार, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार आणि अक्षरकार या वाटेवर नेमके आले कसे, ते पाहू. त्यांची थोरवी गायची नाही. त्यांना रस्ता कुठे सापडला, कोणी दाखवला आणि भाकरीची सोय कशी झाली, एवढंच पाहायचं.

१. पहिला कागद कोणी दिला?

मारिओ मिरांडा यांचा जन्म १९२६ साली दमणला झाला. घर गोव्यातल्या लोटलीचं. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे. आईनं काय केलं? त्यांच्या हातात एक कोरी वही दिली. त्या वहीची पुढे चित्रमय रोजनिशी झाली. गावातली माणसं, लग्नं, पाद्री सगळे त्यात आले. पाद्र्यांची चित्रं काढल्यामुळे शाळेत बोलणीही खावी लागली. त्यांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास घेऊन ते बी. ए. झाले, आर्किटेक्चरचा अभ्यास सुरू केला आणि सोडला. मग काही वर्षं जाहिरात संस्थेत नोकरी केली आणि तिथून वृत्तपत्रं व साप्ताहिकांत पोहोचले. पण माणसांच्या गर्दीतला प्रत्येक चेहरा वेगळा टिपण्याची सवय त्या वहीतली होती. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती पाहिल्यात तर हे लगेच पटेल. ज्या मुलाला भिंतीवर चित्रं काढू नको म्हणून वही मिळाली, त्याची चित्रं पुढे भिंतींवरच गेली!

आर. के. लक्ष्मण यांची गोष्टही अशीच. ते १९२१ साली म्हैसूरला जन्मले, वडील शाळेचे मुख्याध्यापक. वर्गात एकदा गुरुजींनी मुलांना पान काढायला सांगितलं. लक्ष्मण यांनी पिंपळाचं पान काढलं. गुरुजींनी ते वाखाणलं आणि तू मोठेपणी चित्रकार होशील, असं सांगितलं. ही आठवण लक्ष्मण यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. आपण वर्गात दिवसाला शंभर वाक्यं बोलतो. त्यातलं एखादं वाक्य एखादं मूल आयुष्यभर जपून ठेवतं. कोणतं, ते मात्र आपल्याला कधीच कळत नाही.

२. दार बंद झालं तेव्हा

याच लक्ष्मण यांनी पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे प्रवेशासाठी अर्ज केला. उत्तर नकाराचं आलं. प्रवेशासाठी लागणारी गुणवत्ता चित्रांत दिसत नाही, असा त्याचा आशय होता. मग ते म्हैसूरलाच शिकून बी. ए. झाले. शिकत असताना स्थानिक वृत्तपत्रांसाठी व्यंगचित्रं काढली. थोरले भाऊ आर. के. नारायण यांच्या कथांना चित्रं काढली. नंतर मुंबईत आधी फ्री प्रेस जर्नल आणि मग टाइम्स ऑफ इंडिया. टाइम्समध्ये त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं काम केलं. चौकड्यांचा कोट घातलेला तो 'कॉमन मॅन' सगळ्या देशाच्या ओळखीचा झाला.

ही गोष्ट सांगताना आपण एक घाई करतो. "बघा, नापास केलं तरी मोठे झाले" असं म्हणून टाळ्या घेतो. खरा मुद्दा वेगळा आहे. नकार आल्यावर लक्ष्मण थांबले नाहीत आणि हट्टाने घरीही बसले नाहीत. पदवी पूर्ण केली आणि त्याच वर्षांत छापून येईल असं काम हातून होत राहिलं. संपादकाकडे जाताना त्यांच्याजवळ छापलेली चित्रं होती. मुलांना सांगायचं ते हे.

३. आडवाटेनं आलेले

सगळ्यांनाच सोळाव्या वर्षी रस्ता सापडत नाही. रघु राय यांचं शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं. थोरले भाऊ एस. पॉल छायाचित्रकार होते. त्यांच्या सोबतीनं कॅमेरा हातात आला. एका गाढवाच्या पिल्लाचा फोटो त्यांनी काढला, भावानं तो लंडनच्या 'द टाइम्स'कडे पाठवला आणि तो छापून आला. इंजिनिअरचा छायाचित्रकार झाला. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेचे त्यांनी काढलेले फोटो आजही अंगावर काटा आणतात.

गौतम राजाध्यक्ष यांचा विषय रसायनशास्त्र. काही काळ त्यांनी कॉलेजात ते शिकवलंही. १९७४ साली ते लिंटास या जाहिरात कंपनीच्या छायाचित्र विभागात गेले आणि नोकरी करता करता व्यक्तिचित्रणात आपली शैली तयार केली. नोकरी सोडून पूर्ण वेळ छायाचित्रण सुरू केलं ते बऱ्याच वर्षांनी, नाव झाल्यावर.

आणि वसंत सरवटे? कोल्हापूरचे. पेशानं स्थापत्य अभियंते. एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी आणि जोडीला व्यंगचित्रं. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतली त्यांची चित्रं आणि 'ललित' मासिकाची मुखपृष्ठं मराठी वाचकाला वेगळी सांगायला नकोत. नोकरी आणि कला यांपैकी एकच निवडावं लागतं, असं ज्या पालकांना वाटतं, त्यांनी सरवटे यांच्याकडे पाहावं. पगार एका कामाचा, नाव दुसऱ्या कामाचं. हेही एक पूर्ण आयुष्य असतं, अर्धवट नव्हे.

४. हाताखाली शिकणं

आपल्याकडे शिकण्याची जुनी रीत आहे, उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करण्याची. कमल शेडगे यांनी कलाशाळेचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. १९५५ च्या सुमारास ते टाइम्सच्या कला विभागात कामाला लागले आणि अक्षरं काढता काढता अक्षरकार झाले. वर्तमानपत्रातल्या मराठी नाटकांच्या जाहिराती आठवा. नाटकाचं नाव वाचायच्या आधीच अक्षराच्या वळणावरून कळायचं की नाटक ऐतिहासिक आहे, विनोदी आहे की काळजाला हात घालणारं. ती किमया शेडगे यांची.

होमाई व्यारावाला यांची गोष्ट मुलींच्या पालकांनी जरूर वाचावी. १९१३ साली नवसारीला जन्म, वडील फिरत्या नाटक मंडळीत नट. मुंबईत शिकत असताना माणेकशा व्यारावाला यांच्याकडून त्या कॅमेरा शिकल्या. पुढे दोघांचं लग्न झालं. जे. जे. मध्ये शिकताना वर्गमैत्रिणींचे आणि मुंबईच्या रस्त्यांचे फोटो काढून त्यांनी हात बसवला. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात, कारण बाईनं काढलेला फोटो कोण घेणार? १९४२ साली हे जोडपं दिल्लीला गेलं. स्वातंत्र्याचा सोहळा आणि गांधीजींची अंत्ययात्रा होमाईबाईंनी टिपली. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून, पुरुषांच्या गर्दीत उभं राहून. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची नोंद आहे. १९७० साली त्यांनी हे काम थांबवलं, आणि पद्मविभूषण मिळालं ते २०११ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी. काम लवकर झालं, मान उशिरा मिळाला. कलेच्या क्षेत्रात हा हिशेब बऱ्याचदा असाच असतो.

५. अभ्यासातून आलेले

आता दुसरी बाजू. "कलेला अभ्यास कशाला, ती उपजत असते" हा समज काढून टाकायला दोन नावं पुरेत.

पहिलं र. कृ. जोशी. जे. जे. चे विद्यार्थी, जाहिरात क्षेत्रातले कला दिग्दर्शक, कवी, आणि पुढे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आराखडा केंद्रात, म्हणजे आपण ज्याला आयडीसी म्हणतो तिथे, प्राध्यापक. संगणकावर मराठी लिहिताना 'मंगल' नावाचा फॉन्ट तुम्ही नक्की वापरला असेल. तो त्यांनी घडवला. शाळेच्या नोटिशीपासून सरकारी परिपत्रकापर्यंत किती कागद त्या अक्षरांत छापले गेले असतील, विचार करा. रोज वापरतो, पण करणाऱ्याचं नाव माहीत नाही. डिझाइन हे असंच काम आहे.

दुसरं नाव डी. उदय कुमार. मूळचे तमिळनाडूचे. आधी आर्किटेक्चरची पदवी घेतली, मग आयडीसीत डिझाइनचं शिक्षण आणि तमिळ अक्षररचनेवर पीएच. डी. रुपयाच्या चिन्हासाठी देशभर स्पर्धा झाली, ३,०००हून अधिक प्रवेशिका आल्या आणि १५ जुलै २०१० रोजी त्यांचं चिन्ह स्वीकारलं गेलं. देवनागरी 'र', रोमन 'आर' आणि वर शिरोरेषा. दोन-तीन रेघांचं चिन्ह दिसतं सोपं, पण लिपीच्या वळणांचा अनेक वर्षांचा अभ्यास त्याच्या मागे आहे.

मग निष्कर्ष काय?

वरची नावं एकत्र पाहिली की तीन गोष्टी दिसतात.

पहिली, कोणाचाही रस्ता दुसऱ्यासारखा नाही. कोणी कलाशाळेतून आलं, कोणी विज्ञानातून, कोणी नोकरीतून. म्हणून "दहावीनंतर अमुक केलं नाही तर संपलं" हे वाक्य आपण बोलू नये.

दुसरी, प्रत्येकाच्या वाटेवर एक माणूस आहे. वही देणारी आई, पान वाखाणणारे गुरुजी, फोटो पाठवणारा भाऊ. कुणीही मोठा त्याग केला नव्हता. वेळेवर एक लहानशी गोष्ट केली, इतकंच.

तिसरी, जवळजवळ सगळ्यांनी कुठे ना कुठे नियमित काम केलं. वर्तमानपत्र, जाहिरात संस्था, सिमेंट कंपनी, आयआयटी. मुदतीत काम देण्याची शिस्त तिथेच लागली. निव्वळ प्रतिभेवर जगलेला माणूस या यादीत सापडत नाही.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही यशस्वी माणसांची यादी आहे. याच वाटेनं निघून मध्येच थांबलेले पुष्कळ असतात, त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. तेव्हा पालकांना भाबडी आशा दाखवायची नाही. पण गेल्या पिढीपेक्षा आज कामाच्या जागा जास्त आहेत, हेही खरं. पाठ्यपुस्तकं, बालपुस्तकं, अ‍ॅनिमेशन, मोबाइल अ‍ॅप, फॉन्ट, वेष्टनं, लग्नाचे फोटो, सगळीकडे कोणाचा तरी हात लागतो. शि. द. फडणीस यांच्यासारख्या व्यंगचित्रकारानं गणिताच्या पाठ्यपुस्तकांत चित्रं काढून तो रुक्ष विषय मुलांना हसरा करून दिला. चित्राचा उपयोग काय, या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर कोणतं?

आपण काय करू शकतो?

• चित्रकलेचा तास गणिताला किंवा इंग्रजीला देऊ नका. वेळापत्रकात तो आहे, तर तो होऊ द्या.

• एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुलांना बसवा. दहावीच्या वाढीव गुणांचा फायदा आहेच, पण सरावाची शिस्त लागते हा खरा फायदा.

• मुलाची जुनी चित्रं रद्दीत घालू नका. तारीख टाकून एका फाइलमध्ये ठेवा. पुढे प्रवेशाच्या वेळी कामाचा संग्रह दाखवावा लागला, तर तो एका रात्रीत तयार होत नाही.

• माहिती करून घ्या. राज्यातल्या कला महाविद्यालयांच्या पदवीसाठी सीईटी असते. आयआयटीतल्या डिझाइन पदवीसाठी 'यूसीड' आणि अहमदाबादच्या एनआयडीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा. या दोन्हींना कला, वाणिज्य, विज्ञान कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. सायन्सच हवं, हा गैरसमज आहे. अटी आणि तारखा मात्र दर वर्षी संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात.

• खर्चाचंही आधी बोला. सरकारी आणि खासगी संस्थांच्या शुल्कात मोठा फरक असतो. कर्ज काढण्याआधी तिथल्या माजी विद्यार्थ्यांना जाऊन भेटा.

वर्गासाठी उपक्रम

आठवी-नववीच्या मुलांना एक दिवस फक्त पाहायला सांगा. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत दिसलेली, कोणीतरी चितारलेली किंवा आखलेली दहा गोष्टी वहीत लिहायच्या. बिस्किटाचा पुडा, एसटीवरचं चिन्ह, दुकानाची पाटी, पुस्तकाचं मुखपृष्ठ, नोटेवरचं रुपयाचं चिन्ह. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एक वस्तू निवडून तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. हे कोणी केलं असेल? त्याला काय काय शिकावं लागलं असेल? मी केलं असतं तर काय बदललं असतं? जमल्यास गावातल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला किंवा फोटो स्टुडिओवाल्याला वर्गात बोलवा. ते कसं शिकले, महिना कसा भागतो, हे मुलांनी त्यांनाच विचारावं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बोलून न देता जे मूल पेन्सिल काढून रेघा मारायला लागेल, त्याचं नाव लिहून ठेवा. पुढच्या पालकसभेत त्याच्या आईवडिलांशी गुणांच्या आधी त्या रेघांबद्दल बोला.