बचत गटात नाव घालण्याआधी: शहापूर-मुरबाडच्या बायकांसाठी खर्चाचा हिशेब

“गटात ये ना, महिन्याला शंभरच तर भरायचेत!” जाऊबाई म्हणते, शेजारीण म्हणते आणि नाव लागतं. किन्हवली असो की धसई, बहुतेक जणी गटात शिरतात त्या अशाच. शंभर रुपये खरेच आहेत, पण तो खर्चाचा लहान भाग. जास्त मोल जातं ते वेळेचं आणि सहीचं. म्हणून नाव घालण्याआधी एवढं पाहून घ्या.

गट कोणता?

गावात ‘गट’ म्हणतात त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिला खरा बचत गट. ‘उमेद’ अभियान २०११पासून असे गट बांधतं, ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) त्याआधीपासून. यात आधी बायकांची बचत जमते, मग त्यातून कर्ज मिळतं. दुसरा मायक्रोफायनान्स कंपनीचा कर्जगट. तिथे बचत नसते. थेट कर्ज मिळतं आणि वसुलीला कंपनीचा माणूस येतो. ओळखायचं कसं? बचतीची वही मागा. वही नसेल तर तो बचत गट नाही.

कर्जगटातच जायचं असेल तर रिझर्व्ह बँकेचे २०२२चे नियम लक्षात ठेवा. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तारण मागता येत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही.

उमेदच्या गटात १० ते २० जणी असतात. दुर्गम आदिवासी भागात ५ जणींचाही गट चालतो, त्यामुळे चार-सहा घरांच्या कातकरी वाडीला मोठ्या गावाच्या गटामागे धावायची गरज नाही.

शिरताना किती?

नवा गट काढायला सरकारी फी नाही. २० जणींपर्यंतच्या गटाला वेगळी नोंदणीही सक्तीची नाही. “नोंदणी करून देतो” म्हणत कुणी पैसे मागितले, तर पंचायत समितीतल्या उमेदच्या कक्षात जाऊन खात्री करा. वह्या आणि शिक्का यांचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. उशिराच्या बचतीचा दंड गटाच्या ठरावात लिहिलेला असतो, तो वाचून घ्या.

जुन्या गटात शिरताना मात्र एक खर्च कुणी आधी सांगत नाही. महिना १०० रुपयांचा गट तीन वर्षं चालला असेल, तर प्रत्येकीचे ३,६०० रुपये जमलेले असतात, व्याजाचा वाटा वेगळा. नव्या बाईने तेवढे एकदम भरायचे, हप्त्याने भरायचे, की तिचा हिशेब आजपासून धरायचा, हे ठरावात लिहून घ्या.

कर्ज कितीला पडतं?

अंतर्गत कर्जाचा दर गटच ठरवतो. समजा तो महिना २ टक्के आहे, म्हणजे वर्षाला २४. तुम्ही ५,००० घेतले आणि १० हप्त्यांत फेडले. व्याज उरलेल्या मुद्दलावर धरलं तर एकूण ५५० रुपये होतं. दर महिन्याला पूर्ण ५,०००वर धरलं तर १,०००. दर तोच, पण खिशातून ४५० रुपये जादा जातात. म्हणून दर विचारून थांबू नका, व्याज कशावर धरता तेही विचारा.

गट सहा महिने नीट चालला की बँकेच्या कर्जाला पात्र होतो. उमेदच्या गटांना ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं आणि २० लाखांपर्यंत तारण लागत नाही. बँकेकडून ७ने आलेला पैसा गट तुम्हाला कितीने देणार, हे मात्र गटाच्या हाती असतं. उमेदकडून ‘फिरता निधी’ म्हणून आलेली रक्कमही गटाची असते, ती वाटून घ्यायची नसते.

वेळ आणि सही

उमेदच्या पद्धतीत बैठक दर आठवड्याला होते. लावणीच्या दिवसांत ती कधी घेणार? दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या बाईची बचत कोण भरणार, तिला गैरहजेरीचा दंड लागणार का? हे आधी ठरलं नाही तर वर्षाच्या आतच भांडण होतं.

अध्यक्ष, सचिव किंवा कोषाध्यक्ष व्हायला सांगितलं तर बँकेच्या खेपाही धरा. डोळखांबहून शहापूर किंवा टोकावड्याहून मुरबाड म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. एसटीत मार्च २०२३पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, तरी तेही गटाच्या पैशातून मिळावं, असा ठराव करून घ्या.

बँकेचं कर्ज गटाच्या नावावर असतं. एकीने थकवलं तर खातं सगळ्यांचं थकतं आणि पुढचं कर्ज अडतं. त्यामुळे कोऱ्या स्लिपवर सही करू नका. “तुझ्या नावावर घे, हप्ते मी भरते” असं सख्ख्या बहिणीने म्हटलं तरी नको म्हणा.

बाहेर पडताना

लग्न ठरलेल्या मुलीने हे आधीच विचारावं. सासर बदलापूरला निघालं तर बचत परत कधी मिळणार? व्याजाचा वाटा धरणार का? सहसा स्वतःचं उरलेलं कर्ज वजा करून बाकी रक्कम देतात, पण बँकेचं कर्ज चालू असेल तर ती अडकू शकते.

नाव घालण्याआधी काय पाहाल?

• ठराववही: शेवटची बैठक कधी झाली, किती जणी हजर होत्या.
• कर्जवही: कुणाकडे किती बाकी, किती हप्ते चुकलेले.
• बँकेचं पासबुक: वहीतली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक जुळते का.
• ठराव: दंड, व्याज आणि बाहेर पडण्याचे नियम लिहिलेले आहेत का.

वाचता येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला किंवा पुतणीला सोबत न्या. बायका ओळखीच्या आहेत म्हणून वह्या पाहायला लाजू नका. चांगल्या गटाला दाखवायला अडचण नसते, आणि जो टाळतो त्याला शंभर रुपयेही देऊ नका.