वाय-फाय मंद पडते तेव्हा : दोष लाइनीचा की हवेचा?

शिलाईच्या ऑर्डरी घेणाऱ्या भगिनी, निकाहाच्या पत्रिकांची मांडणी करून देणारे तरुण, कापडाचे नमुने मोबाइलवरून भिवंडी-मालेगावच्या व्यापाऱ्यांना दाखविणारे दलाल, अशा अनेकांची रोजी आज घरातील वाय-फायवर अवलंबून आहे. दुपारी सुरळीत चालणारे हे वाय-फाय इशाच्या सुमारास रडतखडत चालू लागते आणि गिऱ्हाइकाला पाठविलेली फाइल अर्ध्यावर अडकते. मग ब्रॉडबँडवाल्याला फोन होतो. तो अधिक वेगाची योजना सुचवितो, दरमहा जादा पैसे जाऊ लागतात, आणि फाइल तरीही अडकतेच. दाट वस्तीत पुष्कळदा असे घडते, कारण दोष लाइनीत नसून हवेत असतो. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे ते तपासणे आवश्यक आहे.

तपासणी सोपी आहे. ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडावा, घरातील इतर उपकरणे बंद ठेवावीत आणि वेग मोजावा. केबलवरही वेग कमी आला तर तक्रार कंपनीकडेच करावी. तारीख, वेळ व आकडा लिहून ठेवला असेल तर ती टाळाटाळ करू शकत नाही. केबलवर वेग पुरेपूर, पण वाय-फायवर कमी, असे आढळल्यास राउटरच्या शेजारी बसून पुन्हा मोजावे. तेथे चांगला आणि आतल्या खोलीत कमी असेल तर भिंती व अंतर यांचा प्रश्न आहे. राउटरच्या शेजारीही रात्रीच तेवढा कमी येत असेल, तर आजूबाजूच्या लहरींचा अडथळा आहे असे समजावे.

हा अडथळा कसा होतो? वाय-फायचा जुना पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा आहे. भारतात २००५ साली तो परवान्यातून मुक्त झाला. म्हणजे तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. त्यात १ ते १३ असे चॅनल आहेत. परंतु दोन चॅनलमधील अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झ, आणि एका राउटरला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ. आठवडी बाजारात खडूने तेरा खुणा केल्या आणि प्रत्येक पथारी चार खुणा व्यापणारी निघाली, तर जे होईल तेच येथे होते. एकमेकांना न खेटता बसणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११.

येथे बहुतेकांची फसगत होते. १, ६, ११ वर गर्दी दिसली की माणूस ३ किंवा ४ हा 'रिकामा' चॅनल निवडतो. वास्तविक एकाच चॅनलवरचे दोन राउटर एकमेकांचे बोलणे ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात. वेग विभागला जातो, पण शिस्त राहते. ३ वर बसलेला मात्र १ आणि ६ दोघांच्याही जागेत पाय पसरतो. त्याचे बोलणे त्यांना उमगत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. माहिती बिघडते, पुन्हा पाठवावी लागते, आणि नुकसान तिघांचेही होते.

अँड्रॉइड मोबाइलवर वाय-फाय अॅनालायझर प्रकारची मोफत अॅप मिळतात. त्यांत प्रत्येक राउटरचा चॅनल व जोर दिसतो. उणे ५० च्या आसपासचा आकडा म्हणजे जोरदार, उणे ८५ म्हणजे क्षीण. वरील तिघांपैकी ज्यावर शेजारी सर्वांत क्षीण आहेत तो निवडावा. राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो. तो ब्राउझरमध्ये घालून चॅनल बदलावा आणि रुंदी ४० ऐवजी २० ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा व पुन्हा मोजावे, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. मायक्रोवेव्ह भट्टीही सुमारे २४५० मेगाहर्ट्झवर चालते, हे स्वयंपाकघरालगत राउटर ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. लोखंडी कपाट तर टाळावेच.

राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असेल तर कामाचा मोबाइल व लॅपटॉप त्यावर न्यावेत. तेथे चॅनल अधिक आहेत. भिंतीत त्या लहरी लवकर मरतात, पण त्याचाच फायदा असा की शेजारच्याही मरतात. अट एवढीच की राउटर कामाच्या खोलीत हवा. आणि जे यंत्र जागचे हलत नाही त्याला सरळ केबल लावावी. माझ्या मते यापेक्षा स्वस्त व खात्रीचा उपाय नाही.

मोठी अँटेना किंवा बूस्टर घेण्याची घाई करू नये. साधा बूस्टर तीच माहिती हवेत दोनदा पाठवितो, म्हणजे गर्दीत भरच. राउटरचा आवाज वाढविला तरी मोबाइलचा क्षीण आवाज वाढत नाही, आणि शेजाऱ्याचे काम मात्र बिघडते. मग तोही मोठी अँटेना आणतो. शेजाऱ्याच्या हक्कांची आपल्या दीनमध्ये जी ताकीद आहे, तीत दाराजवळचा कचरा व रात्रीचा आवाज येतात, तर ही न दिसणारी त्रासदायक गोष्ट का येऊ नये? एका मजल्यावर चार घरे असतील तर पाच मिनिटे बसून कोणी १, कोणी ६, कोणी ११ घ्यावा हे ठरविता येते. चौथ्याने सर्वांत दूरच्या घराचा चॅनल घ्यावा. शेजाऱ्याचा पासवर्ड ठाऊक आहे म्हणून न विचारता त्याची लाइन वापरणे हेही याच हिशेबातले. ती लाइन त्याच्या नावावर आहे आणि जाब त्यालाच विचारला जाईल.

चॅनल 'ऑटो'वर सोडला तर अनेक राउटर तो केवळ सुरू होताना निवडतात. वीज जाऊन आली की इमारतीतले सारे राउटर एकदम जागे होतात, त्या क्षणी कोणालाच कोणी ऐकू येत नाही, आणि सगळे एकाच चॅनलवर जाऊन बसण्याची शक्यता असते. म्हणून ठरलेला चॅनल हातानेच कायम करून ठेवावा, आणि वीज गेल्यानंतर वेग घसरला तर प्रथम चॅनल कोणता आहे ते पाहावे.